रविवारचा ग्लो आणि मंगळवारचा ताण

पत्रातला प्रश्न थोडक्यात: एका मैत्रिणीचं पत्र आलंय. वय ३४, स्किन लहानपणापासून कोरडी. गेले पाच महिने दर रविवारी दुपारी ती घरच्या घरी फेशियल करते. आधी भरपूर फेस होणारं फेसवॉश, मग पंधरा-वीस मिनिटं वाफ, मग साखर-लिंबाचा स्क्रब "चेहरा चुरचुरेपर्यंत", मग मातीचा लेप जो पूर्ण वाळून तडे गेल्याशिवाय धुवायचा नाही, मग पोअर्स बंद व्हावेत म्हणून गार पाणी आणि शेवटी टोनर. क्रीम लावत नाही कारण "एवढे साफ केलेले पोअर्स परत कशाला बुजवायचे". सोमवारी चेहरा मस्त चमकतो, मंगळवारी ओढल्यासारखा होतो, बुधवारी गालावरून आणि नाकाच्या बाजूने सालपटं निघतात, हसलं तरी ताण पडतो. म्हणून दीड महिन्यापासून ती बुधवारी रात्रीही फेशियल करायला लागलीये. बहीण म्हणते हे सगळं बंद कर, साबण-पाणी पुरे. एक मैत्रीण, जिची स्किन तेलकट आहे, ती म्हणते तुला वरवरच्या गोष्टींनी काही होणार नाही, सरळ ॲसिडचं पील घे, म्हणजे ॲसिड लावून वरचा थरच सोलून काढ. "ताई, बंद करू की आणखी स्ट्राँग काहीतरी घेऊ?" असं विचारलंय. आणि पत्राच्या अगदी शेवटी, सहीच्याही खाली, एक ओळ आहे: "आठवड्यातला तेवढा एकच तास माझा असतो, तो सोडायचं जिवावर येतं."

मैत्रिणी, एकेरीत बोलते, चालेल ना.

सहीखालची ती ओळ वाचली आणि मग तुझं पत्र परत पहिल्यापासून वाचलं, कारण मला वाटतं खरी अडचण तिथे आहे. तुझ्या मनात तो तास आणि ते वाफ-स्क्रब-लेप हे एकच होऊन बसलंय, त्यामुळे वाफ-स्क्रब सोडायचं म्हटलं की तासही गेला असं वाटतं. असं काही नाहीये गं. तास तुझाच. दार लावून बस, फोन बाहेर ठेव, कोणी हाक मारली तर ऐकू आलं नाही म्हण. फक्त त्या तासात तू जे जे करतेस ना ते जवळजवळ सगळं तेलकट स्किनसाठीचं आहे, आणि तुझ्याकडे ती नाहीये.

गंमत बघ, बहीण आणि मैत्रीण एकमेकींच्या विरुद्ध बोलतायत असं वाटतं पण दोघींनी एक गोष्ट धरूनच ठेवलीये की फेशियल म्हणजे चेहऱ्यावरून काहीतरी काढून टाकणं. एक म्हणते काढू नकोस, दुसरी म्हणते अजून खोलवर काढ. आणि तूही तेच धरून चालतेस. कोरड्या स्किनच्या बाबतीत मुळात हेच उलटं आहे, तिथे काढण्यासारखं फारसं काही नसतंच, उलट जे असायला हवं तेच कमी असतं.

जरा दोन मिनिटं आत काय चालतं ते सांगते, म्हणजे पुढचं मी सांगते म्हणून ऐकायची गरज पडणार नाही, तुलाच पटेल. आपल्या त्वचेचा अगदी वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो हे तर माहितीच आहे, पण मेलेल्या म्हणजे बिनकामाच्या नव्हेत. त्या विटांसारख्या एकावर एक रचलेल्या असतात आणि त्यांच्या मधे स्निग्ध पदार्थांचा गिलावा असतो, सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि फॅटी ॲसिड. हीच भिंत आतलं पाणी आत ठेवते आणि बाहेरचं चुरचुरणारं काही आत येऊ देत नाही. आणि ही भिंत किती जाड, तर चेहऱ्यावर जेमतेम ०.०२ मिलिमीटर, म्हणजे साध्या कागदाच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढी. तू आठवड्यातून दोनदा साखरेचे टोकदार खडे घेऊन त्या भिंतीवर चालतेस. वाचताना माझेच गाल चुरचुरले.

आता सालपटांचं. तुला वाटतं ही जुनी घाण वर आली म्हणून घासून काढायला हवी. एरवी या पेशी रोज गळतच असतात, एकेकट्या, डोळ्याला दिसत पण नाहीत. त्या सुटून गळायला मधले दुवे तुटावे लागतात आणि ते तोडणारी जी एन्झाइम्स असतात त्यांना काम करायला पाणी लागतं. पाणी कमी पडलं की पेशी सुटत नाहीत, चिकटून राहतात, मग गठ्ठ्याने निघतात आणि त्याला आपण सालपट म्हणतो. म्हणजे सालपट दिसलं की स्किन पाणी मागतेय, आणि आपण तिला देतो स्क्रब. तो घासला की तेवढ्यापुरती गुळगुळीत वाटते आणि भिंत अजून पातळ होते, मग अजून पाणी उडतं, मग अजून सालपटं, मग बुधवारचं फेशियल. तू स्वतःच पत्रात हे चक्र वारांसकट लिहिलंयस, फक्त औषध आणि आजार यांची अदलाबदल झालीये.

मग सोमवारी चमकतो तो चेहरा खोटा का? खोटा नाही, पण त्याचा अर्थ तू लावतेस तो नाही. वाफेने आणि घासण्याने रक्त वर येतं, चेहरा गुलाबी किंवा उजळ दिसतो, हलकीशी सूज येते आणि त्या सुजेने बारीक रेषा भरून निघतात, वरचा थर तासल्यामुळे उजेड नीट परावर्तित होतो. हे सगळं मिळून ग्लो. दीड दिवसात सूज उतरते आणि हिशोब समोर येतो. मी पण या ग्लोच्या मागे बरीच वर्षं घालवलीत म्हणून सांगते, चुरचुरणं म्हणजे काम होतंय असं आपल्याला कोणी शिकवलं कोण जाणे.

पोअर्सचं तर एकदाचं मिटवूनच टाकू. ती दारं नाहीत. त्यांच्याभोवती उघड-मीट करणारे स्नायूच नसतात, त्यामुळे वाफेने उघडत नाहीत आणि गार पाण्याने बंद होत नाहीत. वाफेने आतलं तेल जरा मऊ होतं एवढंच, आणि तुझ्याकडे तेलच कमी आहे तर मऊ काय होणार. उलट वीस मिनिटं गरम वाफ म्हणजे गिलावा सैल करणं, चेहरा ओला वाटतो पण नंतर पाणी आधीपेक्षा वेगाने उडून जातं. शिवाय वाफेने भाजतं, ते वेगळंच. हे वाचणाऱ्या ज्या कोणाला गालांवर तपकिरी डाग आहेत म्हणजे मेलाझ्मा, किंवा चेहरा पटकन लाल होऊन तसाच राहतो त्यांनी तर उष्णतेपासून लांबच राहिलेलं बरं, दोन्ही गोष्टी उष्णतेने वाढतात.

आणि लिंबू. पीएच म्हणजे एखादी गोष्ट किती आम्ल किंवा अल्कली ते सांगणारा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त. त्वचेचा पीएच साधारण ४.५ ते ५.५ च्या आसपास असतो, लिंबाच्या रसाचा २ ते २.५. हे आकडे जवळजवळचे वाटतात पण पीएचमधे एक आकडा म्हणजे दहापट, त्यामुळे हा फरक शेकडो पटींचा आहे. त्यावर लिंबाचा रस राहिलेल्या जागी ऊन लागलं तर भाजल्यासारखे चट्टे उठू शकतात, फोडसुद्धा येतात, आणि मागे काळा डाग राहतो तो काही आठवडे ते महिने जात नाही. सावळ्या-गव्हाळ त्वचेवर कुठल्याही जळजळीनंतर असा डाग राहण्याची शक्यता जास्तच, म्हणजे उजळायला जायचं आणि डाग घेऊन यायचं. लिंबू चेहऱ्याला नको, विषय संपला. तीच गोष्ट खाण्याच्या सोड्याची, तो दुसऱ्या टोकाला, ८ च्या वर.

आता बहिणीचं साबण-पाणी. तिचं अर्धं बरोबर आहे, थांबायला हवंय हे नक्की, निदान काही आठवडे. पण साध्या वडीच्या साबणाचा पीएच ९ ते १० असतो आणि तो तुझ्या त्या गिलाव्यालाच धुऊन नेतो. तिला चालतो म्हणून तुला चालेलच असं नाही. आणि मैत्रिणीचं पील, त्याला माझं सरळ नाही. ॲसिडच वाईट असं मी म्हणत नाहीये, लॅक्टिक ॲसिड कमी प्रमाणात, ५ टक्क्यांच्या आतबाहेर, कोरड्या स्किनला चांगलंच मानवतं कारण ते पाणीही धरून ठेवतं. पण ते भिंत धड असताना. आत्ता तुझ्या चेहऱ्याला नुसतं क्रीम लावलं तरी झोंबत असणार, त्यावर ॲसिड म्हणजे काय होईल विचार कर. आणि ती २०-३० टक्केवाली पील्स तर घरी, आरशासमोर, व्हिडिओ बघत लावायची गोष्टच नाही, कोणाचीही स्किन असो.

तर आधी साधारण चार आठवडे काहीही काढायचं नाही. चार का, तर तरुण वयात वरचा थर नवा व्हायला साधारण २८ दिवस लागतात, वय वाढेल तसे जास्त. या काळात सकाळी नुसतं पाणी, रात्री फेस न होणारं क्रीमसारखं क्लीन्झर, कोमट पाणी, आणि चेहरा पुसताना रगडायचा नाही, टिपायचा, आणि तोही पूर्ण कोरडा नाही. चेहरा ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, क्रीम. हा जो ओलसरपणा आहे ना तो फुकटचा आहे आणि क्रीमच्या किमतीपेक्षा जास्त काम करतो, कारण क्रीम मुख्यतः आहे ते पाणी अडवतं, नवीन पाणी ते फारसं आणत नाही.

क्रीम घेताना डब्याच्या पुढच्या बाजूला काय लिहिलंय ते वाचूच नकोस, मागची यादी वाच. ग्लिसरीन, हायल्युरॉनिक ॲसिड, थोडा युरिया हे पाणी धरून ठेवणारे. सेरामाइड, स्क्वालेन हे गिलावा भरणारे. पेट्रोलियम जेली, डायमेथिकोन हे वरून झाकण घालणारे. तिन्ही गटातलं एकेक असलं की झालं. नुसतं हायल्युरॉनिक ॲसिडचं सीरम लावून वर काही न लावणं ही पण एक नवीन चूक सगळीकडे दिसते, हवा कोरडी असली किंवा दिवसभर एसीत बसायचं असलं तर चेहरा उलट जास्त ओढतो. सुगंधी नको. आणि "अनसेंटेड" म्हणजे सुगंध नाही असं नाही बरं का, कधीकधी मूळ वास झाकायला त्यातही सुगंध घातलेला असतो, "फ्रॅग्रन्स फ्री" बघायचं. किती लावायचं हे कोणी सांगत नाही म्हणून सांगते, तर्जनीच्या शेवटच्या पेरावर क्रीमची रेघ काढली की साधारण अर्धा ग्रॅम होतं आणि चेहरा-मान मिळून अशी अडीच पेरं लागतात. आपण बहुतेक जणी चण्याएवढं घेतो आणि मग क्रीम काम करत नाही म्हणतो.

दिवसा सनस्क्रीन, एसपीएफ ३० किंवा त्यावर. फेशियलशी याचा काय संबंध असं वाटेल, पण तासलेली स्किन उन्हाला जास्त उघडी असते आणि गेले पाच महिने तू ती तासत आलीयेस.

आता तुझा रविवार. तो पहिल्या आठवड्यापासूनच ठेव, चार आठवडे संपायची वाट बघायला नको कारण यात काढण्यासारखं काही नाहीच. हात स्वच्छ, केस बांधलेले. क्लीन्झर बोटांनी लावून अर्धा-एक मिनिट हळू फिरवायचं आणि धुवायचं. वाफेऐवजी मऊ टॉवेल कोमट पाण्यात पिळून, मनगटावर धरून बघायचा, तिथे गरम लागला तर चेहऱ्याला पण गरमच, आणि मिनिटभर चेहऱ्यावर नुसता दाबून ठेवायचा. घासायचा नाही. खरं सांगू, वाफेतलं जे सुख असतं ना ते या एका मिनिटात पण मिळतं.

मग मसाज, आणि इथे तू घाई करू नकोस कारण तुझ्या तासाचं सुख इथेच आहे. तेल भरपूर हवं, बोट सरकलं पाहिजे, त्वचा ओढली जाता कामा नये. सूर्यफुलाचं तेल चालतं, स्क्वालेन चालतं, साधं मिनरल ऑइल म्हणजे बाळांना लावतात तेही चालतं. ऑलिव्ह ऑइल मात्र नको, नाव मोठं असलं तरी त्यात ओलेइक ॲसिड जास्त असतं आणि ते गिलावा सैल करतं, सूर्यफुलाच्या तेलात लिनोलेइक जास्त म्हणून ते बरं. ज्यांना पिंपल्स येतात त्यांनी खोबरेल तेल पण चेहऱ्याला जपूनच. हनुवटीपासून कानाकडे, नाकापासून गालावरून बाहेर, कपाळावरून वर, डोळ्यांखाली अनामिकेने अगदी हलकं, पाच-सात मिनिटं. जबडा दाबून धरायची सवय असेल तर कानाच्या खाली जरा रेंगाळ, किती आखडलेलं असतं ते कळेल. याने सुरकुत्या जातात किंवा चेहरा "लिफ्ट" होतो असं मी सांगणार नाही, सकाळची सूज जरा उतरते आणि मन हलकं होतं, तेवढं पुरे आहे.

मास्क. नियम एकच, चेहऱ्यावर वाळणारा मास्क नको. मातीचा लेप वाळताना तेल शोषतो, त्याचं कामच ते आहे, आणि तुझ्याकडे ते द्यायला नाही. पील-ऑफ तर नकोच, तो निघताना वरचा थर आणि लव दोन्ही घेऊन निघतो. त्याऐवजी क्रीमचा किंवा जेलचा मास्क, आणि तोही विकत आणायलाच हवा असं नाही, रोजचंच क्रीम दुप्पट जाड थरात लावून पंधरा-वीस मिनिटं पडून रहा, मग जादा असेल ते टिपून घे. शीट मास्क आवडत असेल तर तो ओला असतानाच काढायचा, वाळेपर्यंत ठेवला तर दिलेलं परत घेतो. घरातलंच काही हवं असेल तर ओट्स, पण अगदी पीठ होईपर्यंत दळून, पाण्यात टाकल्यावर पाणी दुधाळ व्हायला हवं, खाली गाळ बसला तर अजून दळ. खाज आणि कोरडेपणा दोन्हीला ते खरंच शांत करतं. मधही चालतो, तो पाणी धरून ठेवतो. नवीन काहीही मात्र आधी कोपराच्या आतल्या बाजूला, दिवसातून दोनदा, आठवडाभर लावून बघायचं. एका रात्रीत कळत नाही, ॲलर्जी बऱ्याचदा काही दिवसांनी उठते.

शेवटी चेहरा परत ओलसर करून रोजचं क्रीम आणि जिथे सालपटं निघतात तिथे पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात. टोनर सोड. त्यात अल्कोहोल असेल तर नक्कीच सोड.

चार आठवड्यांनी क्रीम झोंबायचं थांबलं असेल, चेहरा धुतल्यावर ओढत नसेल, तर हवं असल्यास ते सौम्य लॅक्टिक ॲसिड पंधरा दिवसांतून एकदा, रात्री, आणि दुसऱ्या दिवशी सनस्क्रीन चुकवायचं नाही. "हवं असल्यास" हे मुद्दाम लिहिलंय, बऱ्याच जणींना तोपर्यंत त्याची गरज वाटत नाही. रेटिनॉल किंवा पिंपल्सची औषधं चालू असलेल्यांनी यात पडूच नये, त्या औषधांनी आधीच स्किन कोरडी आणि नाजूक झालेली असते, आणि पिंपल्ससाठीच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरला विचारल्याशिवाय काहीच नको.

अजून एक, तू "नाकाच्या बाजूने" सालपटं लिहिलंयस ते माझ्या मनात अडकलंय. माझंच सांगते. मी दोन वर्षं नाकाच्या कडेचा आणि भुवयांतला कोंडा कोरडेपणा समजून रोज तेल चोपडत होते आणि तो वाढतच होता, शेवटी स्किनच्या डॉक्टरांकडे गेले तर ते निघालं सेबोरिक डर्मटायटिस. त्यात त्वचेवर एरवीही असणारी एक यीस्ट कारणीभूत असते आणि तेलावर ती खूश असते, म्हणजे मी तिला रोज जेवण वाढत होते. तेव्हा तुझ्या नाकाच्या कडेला सालपटं पिवळसर, चिकट असतील, खाली लाल असेल, डोक्यातही कोंडा असेल तर तिथे तेलाचा मसाज नको आणि डॉक्टरांना दाखव, साध्या अँटिफंगल क्रीमने बरं वाटतं. गालावरचं मात्र तुझं बहुतेक नुसतंच ओरबाडलेलं आहे.

तसंच तीन-चार आठवडे एवढं जपूनही फरक नाही, खाज झोप मोडते, भेगा पडून रक्त येतं, पाणी येतं, तर घरी प्रयोग थांबव. आणि नुसता चेहराच नाही तर सगळं अंग कोरडं, केस गळतायत, थकवा, थंडी जास्त वाजते, वजन वाढतंय असं असेल तर एकदा थायरॉइडची तपासणी करून घे. पाणी भरपूर पी असं सगळे सांगतात, तहान असेल तर जरूर पी, पण आठ ग्लास जास्त प्यायल्याने गालाचं सालपट जात नाही, ते पाणी चेहऱ्यापर्यंत पोचायच्या आधी त्याला इतर बरीच कामं असतात.

पहिल्या रविवारी तुला काहीच केलं नाही असं वाटणार आहे. चुरचुर नाही, लाली नाही, सोमवारी कोणी "आज काय केलंस" असं विचारणार नाही. त्या आठवड्यातला बुधवार बघ. बुधवारी हात स्क्रबकडे गेलाच तर क्रीमचा जाड थर लावून झोप, तेही फेशियलच आहे. वारांची नोंद ठेवायची सवय तुला आहेच, तशीच ठेव आणि महिन्याने मला लिही, मला खरंच जाणून घ्यायचंय.

मातीचा उरलेला डबा त्या तेलकट स्किनवाल्या मैत्रिणीला देऊन टाक, तिला तो कामाचा आहे. बहिणीला नको देऊस, तिची स्किनही बहुतेक तुझ्यासारखीच असणार, आणि तिच्या त्या साबणाबद्दल तिच्याशी तूच बोल, मी सांगितलं असं सांगू नकोस.